सिगारेटवरचा कर, मामांचं दुकान आणि लेकाची बालशाळा

हिशोबनीस (धागाकर्ती)
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

शेजारच्या धाग्यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, सिगारेट महागली की लोक झक मारत सोडतात. दुसरा म्हणतो, कोणी सोडत नाही, सरकारची मात्र धन होते. तिथे प्रतिसाद लिहायला बसले तो इतका लांबला की वेगळा धागा काढावा लागला. १ फेब्रुवारीपासून भारतात सिगारेटवरचा कर वाढला, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण कॅलिफोर्नियातला सिगारेटचा कर मी एका रात्रीत, जमिनीवर मांडी घालून, पाकीट न् पाकीट मोजलाय. त्यामुळे तेवढ्यावर बोलते.

नवऱ्याच्या मामांचं सेंट्रल व्हॅलीत हायवेला लागून दुकान आहे. पंप नाही, नुसतं दुकान. दूध, ब्रेड, बिअर, लॉटरी आणि गल्ल्यामागे भिंतभर सिगारेटी. हिशोब माझ्याकडे. नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी मत देऊन प्रपोझिशन ५६ हा करवाढीचा प्रस्ताव मंजूर केला. पाकिटामागे राज्याचा कर ८७ सेंटवरून एकदम २ डॉलर ८७ सेंट, १ एप्रिल २०१७ पासून. मला वाटलं भावाच्या पट्ट्या बदलायच्या, झालं काम. मामा म्हणाले, "शुक्रवारी रात्री ये. माल मोजायचाय."

तर भानगड अशी. कर ठोक वितरक भरतो आणि पाकिटाच्या बुडाला राज्याचा स्टँप चिकटवतो. मग प्रत्येक दुकानदार ३१ मार्चपर्यंत जुन्या कराचा माल गच्च भरून ठेवेल आणि १ एप्रिलपासून नव्या भावाने विकेल. ते होऊ नये म्हणून त्या दिवशी दुकानात जेवढ्या सिगारेटी पडून असतील त्या सगळ्यांवरचा फरक दुकानदाराने भरायचा. कांडीमागे १० सेंट, म्हणजे वीसच्या पाकिटामागे दोन डॉलर.

अकराला शटर खाली ओढलं. मामी फळीवरून एकेक थप्पी काढून मोठ्याने आकडा सांगायची, मी लिहायचे, मामा मागच्या खोलीतले कार्टन मोजायचे. साडेबाराला मामीने गल्ल्याखालून एक फुटलेलं पाकीट काढलं. आत सात कांड्या. मामांचं स्वतःचं. मामा ओशाळून म्हणाले, "हे कशाला धरायचं?" मामी म्हणाली, "धरा. सत्तर सेंट." (ते मी धरलं नाही. कर खात्यातलं कोणी वाचत असेल तर ते पाकीट विक्रीचं नव्हतं.)

एकूण १,३१२ पाकिटं. म्हणजे २,६२४ डॉलर, काहीही न विकता. मामा त्या रात्री कॅलिफोर्नियाच्या मतदारांना जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही, ॲडमिन धागा उडवतील.

पुढे काय झालं? आमच्याकडे साडेपाच-सहाला मिळणारं पाकीट आठाच्या पुढे गेलं. पहिले दोन आठवडे दुकानात शुकशुकाट, कारण मार्चच्या शेवटच्या दिवसांत लोकांनी कार्टनच्या कार्टन नेली होती. ती संपल्यावर गिऱ्हाईक परत आलं, पण सगळं नाही आणि पूर्वीसारखं नाही. एक ट्रकवाला रोज सकाळी साडेसहाला यायचा. कॉफी आणि महागातलं लाल पाकीट. एप्रिलमध्ये तो स्वस्त ब्रँडवर उतरला. मे महिन्यात एक दिवसाआड घ्यायला लागला. जूनमध्ये गल्ल्यापाशी उभा राहून त्याने मामांना सरळ विचारलं, "तुझ्याकडे च्युइंग गमचा मोठा डबा आहे का?" वर्षअखेरीला आमची पाकिटांची विक्री जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने खाली होती. एका दुकानाचा हा हिशोब, त्यावरून कोणी प्रबंध लिहू नये.

इथवर मी कराच्या बाजूची. आता दुसरी बाजू.

ते २ डॉलर ८७ सेंट म्हणजे एक कर नाही, थर आहेत. १९५९ साली ३ सेंटने सुरुवात झाली, १९६७ मध्ये १० झाले. १९८८ च्या प्रपोझिशन ९९ चे २५ सेंट. स्तनाच्या कर्करोगासाठी २ सेंट. १९९८ च्या प्रपोझिशन १० चे ५० सेंट. वर ५६ चे २ डॉलर. बेरीज करून बघा, बरोबर २८७ सेंट येते.

यातल्या ५० सेंटांशी माझं नातं आहे. तो प्रस्ताव नटदिग्दर्शक रॉब रायनर यांनी लावून धरला होता आणि पैसा जातो शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसाठी. ८० टक्के काऊंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना), आणि तेही जिथे जितकी बाळं जन्मतात त्या प्रमाणात. माझा लेक अशाच पैशावर चालणाऱ्या एका बालकेंद्रात आठवड्यातून चार दिवस जायचा. गाणी, चित्रं, दातांची तपासणी, आणि माझ्यासारख्या नवख्या आयांना दोन तास माणसांत बसायला मिळायचं. फुकट. २०१८ मध्ये चाराचे दोन दिवस झाले. का म्हणून विचारलं तर तिथली बाई म्हणाली, "सिगारेटी खपत नाहीत ना पूर्वीसारख्या."

मी गाडीत येऊन बसले आणि हसावं का रडावं कळेना. सकाळी मामांच्या वहीत सिगारेटची विक्री घटलेली बघून मला बरं वाटलं होतं.

तर प्रश्न हा आहे. ज्या कराचं यश म्हणजे तो आटत जाणं, त्याच्यावर लेकरांचा खाऊ टांगावा का? मतं मांडा. गुटख्यावर घसरू नका (घसरणार हे माहीत आहे).

---

नाना_सोलापूरकर
शनिवार, १४ फेब्रुवारी

तंबाखू मळत मळत वाचला. ताई, लई भारी लिवलंय. ट्रकवाल्याचं पुढं काय झालं ते सांगितलंच नाही.

---

शून्यबेरीज
शनिवार, १४ फेब्रुवारी

धागा आवडला. अर्थशास्त्राच्या मास्तरकीची खोड म्हणून थोडं गणित.

जगभरच्या अभ्यासांतून आलेला ठोकताळा असा की श्रीमंत देशांत किंमत १० टक्के वाढली की खप साधारण ४ टक्के घटतो, गरीब आणि मध्यम देशांत ५ टक्क्यांच्या आसपास. तरुण मुलांत याहून जास्त, कारण त्यांच्या खिशात पैसा कमी आणि सवय अजून हाडात मुरलेली नसते.

म्हणजे "सोडतात" म्हणणारे आणि "सरकारची धन" म्हणणारे दोघेही बरोबर आहेत आणि उगाच भांडतायत. खप घटतो, पण कर वाढतो त्या मानाने कमी घटतो. कॅलिफोर्नियात कर ८७ वरून २८७ झाला. एकूण उत्पन्न पूर्वीपेक्षा खाली यायला विक्री जवळजवळ ७० टक्क्यांनी पडायला हवी होती. तशी काही ती पडली नाही.

पण तुमच्या बालशाळेचं दुखणं नेमकं इथेच आहे. एकूण थैली फुगली, तरी ५० सेंटांच्या खात्याला वाढीव दराचा छदाम मिळत नाही. त्याचा दर १९९९ पासून तोच, विक्री मात्र दर वर्षी कमी. म्हणजे नव्या कराने जुन्या कराचं गिऱ्हाईक पळवलं. शिवाय १९९९ चे ५० सेंट आणि आजचे ५० सेंट यांच्यातला महागाईचा फरक धरा.

---

हिशोबनीस
शनिवार, १४ फेब्रुवारी

@शून्यबेरीज, अगदी हेच. प्रपोझिशन ५६ मध्ये तशी सोय आहे म्हणा. या नव्या करामुळे जी विक्री घटेल त्याने जुन्या खात्यांना पडणारं भगदाड आधी नव्या पैशातून बुजवायचं, मग उरलेलं वाटायचं. पण विक्री तशीही दर वर्षी घसरतेच आहे, त्याला वाली कोण? सुरुवातीला वर्षाला ६५ कोटी डॉलरांच्या वर मिळायचे या ५० सेंटांच्या खात्याला. आता निम्म्याच्या आसपास.

@नाना, सांगते, दम धरा.

---

स्पष्टवक्ता_७७
शनिवार, १४ फेब्रुवारी

कशाला एवढा काथ्याकूट? ज्याला ओढायचीय तो ओढेल, लवकर जाईल. सरकारचं पेन्शन वाचेल. उलट सबसिडी द्या सिगारेटला.

---

डॉ_ओपीडी
रविवार, १५ फेब्रुवारी

@स्पष्टवक्ता, तुमच्याआधी हा हिशोब एका सिगारेट कंपनीने गंभीरपणे करून घेतला होता. २००१ साली, झेक प्रजासत्ताकासाठी. फिलिप मॉरिसने नेमलेल्या सल्लागारांनी अहवाल दिला की धूम्रपान करणारे लवकर मरतात, त्यामुळे सरकारचा पेन्शन आणि उपचारांवरचा खर्च वाचतो आणि एकंदरीत तिजोरीला फायदाच आहे. एवढा गदारोळ झाला की कंपनीला माफी मागावी लागली. तुम्ही निदान फुकटात लिहिलंत.

आता धाग्याबद्दल. हिशोबनीस, तुम्ही प्रपोझिशन ९९ एका ओळीत उरकलंत, माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. १९८९ पासून पाकिटामागे २५ सेंट लागले, पण त्यातला काही भाग मुद्दाम तंबाखूविरोधी कामासाठी राखून ठेवला होता. टीव्हीवर जाहिराती, शाळांतून काम, संशोधन. २००० साली याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८९ ते १९९७ या काळात कॅलिफोर्नियात हृदयविकाराने अपेक्षेपेक्षा साधारण ३३,३०० मृत्यू कमी झाले. आणि मधे १९९२ च्या सुमारास या कार्यक्रमाच्या पैशाला कात्री लागली, तेव्हा मृत्यूदराची घसरणही मंदावली. ती कात्री लागली नसती तर आणखी ८,३०० जीव वाचले असते असा त्यांचा अंदाज.

कर तोच होता हो, २५ सेंट. पण कराचा पैसा कशावर लागतो याने फरक पडला. नुसत्या महागाईने माणूस सोडायचा विचार करतो. त्याच आठवड्यात त्याला कोणी हात दिला तर तो सोडतो. नाहीतर स्वस्त ब्रँडवर जातो, तुमच्या ट्रकवाल्यासारखा.

हृदयविकाराचं बोलतेय कारण तो फायदा लवकर दिसतो. सोडल्यावर वर्षभरात जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून आज कर वाढवणाऱ्या मंत्र्याला त्याचं फळ बघायला मिळत नाही, महसूल तेवढा पुढच्या तिमाहीत दिसतो. मग सगळे महसुलाबद्दलच बोलतात.

---

एडिसनचा_दिवा
रविवार, १५ फेब्रुवारी

न्यू जर्सीहून रामराम. कॅलिफोर्नियावाल्यांचं बरंय, राज्य केवढं मोठं! शेजारच्या राज्यात जायचं तर दिवस मोडतो. आमच्याकडे काय होतं ते सांगतो.

न्यूयॉर्क राज्याचा कर सप्टेंबर २०२३ पासून ५ डॉलर ३५ सेंट. शहरात त्यावर आणखी दीड डॉलर. झाले ६.८५. तिकडे व्हर्जिनियात ६० सेंट (२०२० च्या आधी तर ३० च होते). फरक ६ डॉलर २५ सेंट. कार्टनमध्ये दहा पाकिटं, म्हणजे कार्टनमागे साडेबासष्ट. मोठ्या खोक्यात ६० कार्टन, म्हणजे खोक्यामागे ३,७५०. व्हॅनमध्ये अशी ५० खोकी टाकली तर १,८७,५०० डॉलर, आणि आय-९५ महामार्गावरून एका दिवसाचा प्रवास. सापडलात तरी शिक्षा कोकेनपेक्षा कितीतरी हलकी. सांगा, कोण नाही करणार?

मी पूर्वी क्वीन्समध्ये राहायचो. कोपऱ्यावरच्या दुकानात "लूझी" मागितली की काउंटरखालून एक कांडी यायची, डॉलरला एक किंवा दोन. कायद्याने बंदी, पण सगळ्यांना माहीत. जुलै २०१४ मध्ये स्टेटन आयलंडवर एरिक गार्नरला पोलिसांनी धरलं ते याच संशयावरून, सुटी सिगारेट विकतो म्हणून. गळ्याभोवतीच्या पकडीत माणूस गेला. कर वाढवताना त्याची वसुली रस्त्यावर कोण करणार आणि कोणाच्या मानेवर, हेही धरा की हिशोबात.

आणि हा कर गरिबांवर आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला एक अभ्यास आला होता, ३०,००० डॉलरच्या आत मिळकत असलेल्या घरांतले ओढणारे लोक मिळकतीचा जवळजवळ चौथा हिस्सा सिगारेटीवर घालवतात म्हणून. माझ्या ऑफिसातले डायरेक्टर लोक कधीच सोडून बसलेत. ओढतो तो सफाईवाला. त्याच्या खिशातून बालशाळा चालवायची आणि वर त्यालाच व्यसनी म्हणायचं.

(मी स्वतः २०११ मध्ये सोडली. किंमत हे एक कारण होतं, हे कबूल करतो. बायको हे दुसरं.)

---

शून्यबेरीज
रविवार, १५ फेब्रुवारी

@एडिसनचा_दिवा, शेवटचा कंस वाचून तुमचा अर्धा युक्तिवाद तुम्हीच खोडलात. :)

गरिबांचा मुद्दा अर्धा खरा आहे. किंमत वाढली की गरीब माणूस श्रीमंतापेक्षा जास्त प्रमाणात कमी करतो, म्हणून तब्येतीचा फायदाही त्यालाच जास्त. पण जो सोडत नाही त्याचं कंबरडं मोडतं. सरासरीत हे दोघे एकमेकांना झाकतात. म्हणून डॉक्टरांशी सहमत, त्या सफाईवाल्याचा पैसा घेताय तर आधी त्याच्याच सोडवणुकीला लावा.

---

बर्फातला_बाजीराव
रविवार, १५ फेब्रुवारी

तस्करीवर टोरांटोचा एक किस्सा. नव्वदच्या सुरुवातीला इथे कर चढा होता आणि सेंट लॉरेन्स नदीवरून रात्री बोटी भरभरून सिगारेटी यायच्या. गंमत म्हणजे कॅनडातच बनलेल्या, करमुक्त म्हणून अमेरिकेत निर्यात केलेल्या आणि परत चोरून आणलेल्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये सरकारने हात टेकले आणि कर उतरवला. क्यूबेक, ऑन्टारियो या प्रांतांनीही उतरवला.

तस्करी ओसरली. पण सिगारेट स्वस्त झाल्याबरोबर पोरांचं ओढणं वाढलं, महसूल बुडाला तो वेगळाच. पुढे कर हळूहळू परत चढवावा लागला. आणि २००८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी गुन्हा कबूल केला की त्या काळातल्या तस्करीला आपला हातभार होता. दंड आणि तडजोड मिळून सव्वा अब्ज कॅनेडियन डॉलरांच्या जरा खाली रक्कम.

तेव्हा "कर वाढवलात तर तस्करी वाढेल हो" असं कंपनी काकुळतीने सांगते तेव्हा मला त्या बोटी आठवतात.

---

इंदू_इंडियाना
सोमवार, १६ फेब्रुवारी

एडिसनभाऊंच्या व्हॅनची आमच्याकडची छोटी आवृत्ती. शिकागोच्या खालच्या अंगाला सीमेवर इंडियानातलं हॅमंड आहे. शिकागोत इलिनॉय राज्याचे २.९८, कुक काऊंटीचे ३, शहराचे १.१८, असे ७ डॉलर १६ सेंट. इंडियानात जून २०२५ पर्यंत होते ९९ सेंट आणि वर अर्धा. त्यामुळे हॅमंडच्या दुकानांसमोर गाड्या बघा, सगळ्या इलिनॉयच्या नंबरप्लेटच्या.

एप्रिल २०२५ मध्ये इंडियाना राज्याचा महसुलाचा अंदाज दोन अब्ज डॉलरांनी खाली आला आणि ज्या विधानसभेने २००७ पासून सिगारेटला हात लावला नव्हता तिने एका झटक्यात दोन डॉलर चढवले. १ जुलै २०२५ पासून २ डॉलर ९९.५ सेंट. म्हणजे इलिनॉय राज्यापेक्षा दीड सेंट जास्त! आमच्या ऑफिसातल्या एका इंडियानावाल्याने हे दीड सेंट इतकं मनाला लावून घेतलंय की विचारू नका. आता पूर्वेकडे, इलिनॉयच्या शिकागोबाहेरच्या गावांकडे पाहून म्हणतो, "उलटी गंगा!" (म्हणजे इंग्रजीत त्याच अर्थाचं काहीतरी.) शिकागोवाले मात्र अजून येतातच, त्यांना चार डॉलर सुटतात.

सांगायचं असं की वर्षानुवर्षं डॉक्टर मंडळी कर वाढवा म्हणून घसा फोडत होती तेव्हा कोणी ऐकलं नाही. तिजोरीला भोक पडल्यावर लगेच झालं.

---

शून्यबेरीज
सोमवार, १६ फेब्रुवारी

हॅमंड इलिनॉयच्या पूर्वेला आहे, म्हणजे इंडियानावाला पश्चिमेकडे बघेल. बाकी मस्त.

---

इंदू_इंडियाना
सोमवार, १६ फेब्रुवारी

दिशांचं आणि माझं शाळेपासून वैर. पश्चिम वाचावे.

जाता जाता, मिनेसोटाने २०१३ मध्ये कर १.२३ वरून २.८३ केला, तेव्हा धागाकर्तीने सांगितलेला तो दुकानातल्या मालावरचा एकवेळचा फरक कशाला लावला माहितीये? फुटबॉलच्या स्टेडियमला. व्हायकिंग्ज संघाच्या. त्यापुढे बालशाळा परवडली.

---

सुपातली
सोमवार, १६ फेब्रुवारी

मी इथे फक्त वाचत असते. आज राहवलं नाही.

माझी आई सिन्नरला विड्या वळायची. मी सुद्धा वळल्यात, दहावीपर्यंत. तेंदूची पानं रात्री भिजवून फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायची, सूप मांडीवर, तंबाखूची चिमूट, वळायचं, वरचं तोंड नखाने दुमडायचं, दोरा. दिवसाला हजार झाल्या तर पूर्ण मजुरी. कारखान्यात नेल्यावर मुकादम मूठभर उचलून "या बाद" म्हणून बाजूला टाकायचा. बाद विड्यांचे पैसे नाहीत, पण त्या परतही मिळायच्या नाहीत. त्या कुठे जायच्या ते देव जाणे. आईच्या बोटांना कायम तो वास. तिने आयुष्यात एक विडी ओढली नाही आणि खोकली मात्र आयुष्यभर.

आता १ फेब्रुवारीपासूनचा कर बघा. सिगारेटवर ४० टक्के जीएसटी, वर हजार कांड्यांमागे लांबीप्रमाणे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क. विडीवर आधी २८ टक्के होता तो १८. तेंदूपानावर तर सप्टेंबर २०२५ मध्येच १८ चा ५ झाला. कारण सांगतात, विडी कामगार बाया. म्हणजे माझ्या आईचं नाव पुढे करून विडी स्वस्त ठेवायची. मजुरी वाढली का? माझी मावशी अजून वळते, तिला विचारलं. "कर कमी झाला म्हणे," तर म्हणाली, "कुणाचा?"

मला सिगारेटवाल्यांची दया नाही. पण विडी ओढणारा शेतमजूर काय सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा कमी मरतो का? ताईंच्या कॅलिफोर्नियात ते ५० सेंट निदान वहीत दिसतात की बाळांसाठी म्हणून. विडीच्या करातून एखादं शिवणयंत्र आलं असतं आमच्या गल्लीत तर आई ५४ व्या वर्षी गेली नसती, असं मला उगाच वाटत राहतं.

---

नाना_सोलापूरकर
सोमवार, १६ फेब्रुवारी

पोरी, आमच्या पूर्वभागात घरटी हेच. लिहीत जा.

---

डॉ_ओपीडी
सोमवार, १६ फेब्रुवारी

सुपातली, लिहिलंत ते फार बरं केलंत.

एक भर घालते, धागाकर्तीची माफी मागून, कारण गुटख्याच्या अंगणात जातेय. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आणि चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. सिगारेटवर कितीही कर लावा, माझ्या ओपीडीत बसलेल्या बाईला तो लागतच नाही. तिची मशेरी चुलीवर भाजलेली असते. तोंड दोन बोटं उघडत नाही, आणि "बाई, तंबाखू खाता का?" विचारलं तर म्हणते, "छे, फक्त दात घासते." राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे त्यावर कर शून्य आणि टपरीवर पुड्या आहेतच. सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-विडी विकायलाही बंदी आली. आमच्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर लायटर दोरीला बांधून टांगलाय, सुट्यावाल्यांसाठी. क्वीन्सच्या लूझीला आमच्याकडे काउंटरखाली लपावं लागत नाही.

सुटी मिळते तोवर करवाढीची धार बोथटच. वीसचं पाकीट तीस रुपयांनी महागलं तर सरळ दिसतं, कांडी दीड-दोन रुपयांनी महागली तर चहाच्या बिलात मुरते.

---

स्पष्टवक्ता_७७
सोमवार, १६ फेब्रुवारी

प्रतिसाद काढून टाकला आहे.

(वरचा सुपातली यांचा प्रतिसाद उशिरा वाचला. आधी जे लिहिलं त्याबद्दल क्षमस्व.)

---

एडिसनचा_दिवा
मंगळवार, १७ फेब्रुवारी

मूळ प्रश्नाकडे येऊ. लेकरांचा खाऊ टांगावा का? माझं उत्तर नाही. बालशाळा हवी असेल तर सगळ्यांच्या करातून चालवा, सफाईवाल्याच्या आणि डायरेक्टरच्याही. सिगारेटचा पैसा व्यसन सोडवायला आणि दवाखान्याला. तो आटला तर गरजही आटलेली असेल.

---

हिशोबनीस
मंगळवार, १७ फेब्रुवारी

@एडिसनचा_दिवा, वहीत ते चोख बसतं. मतपेटीत बसत नाही, अडचण ती. २००६ मध्ये इथे २ डॉलर ६० सेंटचा प्रस्ताव पडला. जून २०१२ मध्ये एक डॉलरचा, तोही कर्करोगाच्या संशोधनासाठी, केसभराने पडला. प्रपोझिशन ५६ च्या वेळी कंपन्यांनी विरोधात सात कोटी डॉलरांच्या वर ओतले तरी ६४ टक्क्यांनी पास झाला. "गरिबांच्या दवाखान्याला पैसे" हे लोकांना पटलं. आणि पास झाल्यावर पहिल्याच वर्षी गव्हर्नर ब्राऊन आणि डॉक्टर मंडळी यांच्यात जुंपली, की हा पैसा डॉक्टरांचे दर वाढवायला आहे की राज्याचा नेहमीचा खर्च भागवायला. म्हणजे चांगल्या कामाचं नाव घेतल्याशिवाय मत मिळत नाही, आणि घेतलं की ते काम सिगारेटीला बांधलं जातं. बाळांच्या नावानेच तर ५० सेंट आले. नुसता "कर वाढवा" म्हटलं असतं तर मामांसकट कोणी मत दिलं नसतं.

तरी तुमचं थोडं पटलंय. मला आता वाटतं, बाळांना ते पैसे द्यावेत पण पगाराला नाही. दात तपासायची खुर्ची घ्या, खोली बांधा, पुस्तकं घ्या. जे एकदा घेतलं की राहतं. बाईंचा पगार मात्र विक्री घटली की बंद होईल अशा पैशातून नको. आमच्या केंद्रातली गाणी म्हणणारी बाई गेली, रंगीत खुर्च्या अजून आहेत.

सुपातली, तुमच्या मावशीचं "कुणाचा?" मी मामांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मामी आजरा-निपाणीकडची, तिच्या माहेरी विडीच्या तंबाखूची शेती होती. तिने फोन हातातून घेऊन स्वतः परत वाचलं.

@नाना, ट्रकवाला. तो अजून येतो. सिगारेट सोडली २०१८ च्या दिवाळीच्या सुमारास, म्हणजे त्याला दिवाळी माहीत नाही, मामांनी पेढा दिला म्हणून मला तारीख लक्षात. च्युइंग गमने दात दुखायला लागले म्हणून आता खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया खातो, दोन मोठ्या पिशव्या रोज, आणि टरफलं थुंकतो ती सगळी आमच्या पार्किंगमध्ये. सकाळी झाडू मामांच्या हातात असतो. "थोटकं बरी होती," म्हणतात, "निदान वाऱ्याने दारात यायची नाहीत."